दिवे लावले

आसितानने जिना चढतानाच विचारलं,
याआधी कुठे दिवे लावलेत का?
लावलेत, म्हणालो. लग्नात.
खरं तर लग्नात दिवा चुलतभाऊ धरायचा
आणि मी वायर,
पाहुण्यांच्या पायात येऊ नये म्हणून.

बामाको, हमदालाये, औषधांच्या दुकानावरची खोली.
तीन दिवे : एक भाड्याचा, एक उसना,
एक हॅलोजन, ज्याच्यावर मासा भाजता आला असता.
भिंती पिस्ता रंगाच्या.
पिस्ता रंग सगळ्यांच्या गालांवर उतरतो
हे मला साडेनऊला कळलं.

मधोमध कानिबा.
अंगात निळाशार बाझँ,
म्हाताऱ्या त्येफिंगने लाकडी मोगरीने दोन दिवस बडवलेला,
इतका, की कापड आता चालताना
नव्या नोटेसारखं बोलतं.

मी तिन्ही दिवे तिच्यावर रोखले.
जास्त उजेड तो चांगला उजेड,
तोवर माझं शास्त्र एवढंच.
शेक्नेने कॅमेऱ्यातून पाहिलं
आणि काही न बोलता मला जागा दिली.
निळ्याचा पत्ता नव्हता.
छातीवर पांढरं भगदाड,
आणि वर, चेहरा असायला हवा तिथे
दोन डोळे आणि एक अंदाज.

छान दिवे लावलेस, आसितान म्हणाली.

खिडकी उघडली
तर कानिबाचा एक गाल सकाळ, दुसरा संध्याकाळ.
खिडकी लावली तर घाम.
पंखा लावला तर दिव्यापुढची मच्छरदाणी,
दुहेरी, कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेली,
शिडासारखी फुगून हॅलोजनकडे निघाली.
उसना दिवा मंद केला
तर पडद्यावर काळे पट्टे रांगायला लागले,
खालून वर, सावकाश,
जणू त्यांनाच पगार होता.

रात्र रात्र पाहिलेल्या शिकवणीच्या व्हिडिओंत
बायका सगळ्या दुधाच्या.
त्यांच्यासमोर काडी ओढली तरी उजळतात.
कानिबाच्या कांतीवर उजेड फेकून भागत नाही,
तिच्यासमोर काहीतरी असावं लागतं
जे तिच्यात दिसेल,
जसं पाण्यासमोर लागतं.
हे मला आज सांगता येतं.
त्या दिवशी मी नुसता स्टँड हलवत होतो.

अकराच्या सुमारास त्येफिंग आला, बाकीचे पैसे मागायला.
एवढं एक होऊ दे, बस, आसितान म्हणाली.
तो कडेच्या स्टुलावर बसला,
मांडीवर दुसऱ्या कुणाच्या बाझँचा गठ्ठा,
पांढरा, अजून डिंकाचा वास असलेला.

आणि शेक्ने म्हणाला, थांब. हात लावू नकोस कशाला.
कानिबाच्या गालाचं हाड वर आलं होतं,
हनुवटीखालून मानेपर्यंत एक ओली रेघ.
निळा परतला होता, चुण्यांसकट.
मी मच्छरदाणीकडे पाहिलं,
मग कॉलर नीट केली.
शाबासकी घेतली. आवडली.

त्येफिंगने पैसे मोजले, पुन्हा मोजले,
गठ्ठा काखेत मारून उठला,
आणि कानिबाचा अर्धा चेहरा
त्याच्याबरोबर दाराबाहेर गेला.

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो.
बाबा, परत चला, बसा.
काय बडवायचंय?
काही नाही. नुसतं बसायचं.
नुसतं बसायचे जास्त पडतील, तो म्हणाला,
त्याची मला सवय नाही.

बसला. चार वाजेपर्यंत.
मधे कधीतरी डुलकी लागली,
मान कलली, गठ्ठा गुडघ्यावरून घसरायला लागला,
आणि कानिबा, ओठ न हलवता, आपली जागा न सोडता :
म्हाताऱ्याकडे बघ रे कुणीतरी,
मी विझतेय.

मी त्याला उठवलं नाही.
गठ्ठा तेवढा
चार बोटं वर सरकवला.